बुडायला पाणी मिळेना

माझ्या तोंडावर अस्वलानं पंजा मारलाय, हे आधीच सांगून टाकते. न सांगता बोलायला लागले की माणसं ऐकत नाहीत. गालाकडं बघत मनातल्या मनात अंदाज बांधत बसतात. स्टोव्ह भडकला असेल, तेल उडालं असेल, नवऱ्यानं काही केलं असेल. तसलं काही नाही बाई. बाबा तेव्हा किनवटकडं तलाठी होते आणि मी सहा वर्षांची. पहाटे पोरींबरोबर मोहाची फुलं वेचायला गेले, तर त्याच झाडाखाली अस्वलही फुलं खायला आलेलं. पोरी पळाल्या. मी भरलेली टोपली सोडेना, म्हणून मागं राहिले. हावरटपणा, दुसरं काय! नांदेडच्या दवाखान्यात टाके पडले, जीव वाचला. उजव्या बाजूला कपाळापासून हनुवटीपर्यंत तीन ओळी राहिल्या, डोळ्याचा कोपरा खाली ओढला गेला आणि ओठाचं टोक वर. त्यामुळं मी गप्प बसले तरी समोरच्याला वाटतं, ही हसून राहिली. शाळेत त्यापायी लई छड्या खाल्ल्या.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा बाबांची बदली होऊन आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका गावात आलो होतो. जिल्हा अजून नवाकोरा होता. कागदांवर जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचंच नाव छापलेलं असायचं. ते खोडून वर लातूरचा शिक्का मारायचं काम बाबा रविवारी घरी आणायचे आणि माझ्याकडून करून घ्यायचे. माझी बोटं सोमवारपर्यंत जांभळी. जिल्हा मिळाला आणि पाणी गेलं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावात दोन दिवसांआड टँकर यायचा आणि त्याच्या मागं घागरी घेऊन धावणं हाच गावाचा धंदा झाला होता. माय म्हणायची, "नव्या जिल्ह्यात नवं काय आलं, तर टँकर."

त्या उन्हाळ्यात एका दुपारी चावडीसमोर एक जीप आणि एक मेटाडोर येऊन थांबली. पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ उतरला आणि त्यानं बाबांना विचारलं, "तलाठीसाहेब, तुमच्या गावांमध्ये पाणी असलेली विहीर कुठली?"

बाबांना वाटलं, पाणीटंचाईची पाहणी करायला साहेब आले. ते ताडकन उठले, रजिस्टर उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. विहिरी एकोणीस. सतरा कोरड्या, एकीत चिखल, एकीत साडेतीन पुरुष खोल पाणी. खोली किती, काठ कसा, मालक कोण, सगळं. तो गृहस्थ मान डोलावत ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "वा! आम्ही पिक्चरवाले आहोत." तो डायरेक्टर होता. बाबांनी रजिस्टर मिटलं, पण गावात आलेल्या माणसाला चहा तर द्यायलाच पाहिजे. म्हणून सगळी वरात आमच्या घरी आली.

चहा मी घेऊन गेले. आत पाऊल टाकलं आणि बोलणं बंद. मला त्याची सवय होती. पण या वेळची शांतता जरा निराळीच होती, सोनाराच्या दुकानात दागिना बाहेर काढल्यावर होते तसली. एक म्हातारा माणूस उठून माझ्यासमोर आला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अहो, हे! हेच पाहिजे होतं आपल्याला!" तो त्यांचा मेकअपमन.

डायरेक्टरनं आवाज बारीक करून विचारलं, "स्टोव्ह का गं?"

"अस्वल," मी म्हणाले.

तो मेकअपमनकडं वळला. "अस्वल प्रेक्षकांना पटणार नाही. आपला अपघातच राहू द्या."

मला असा राग आला! माझं अस्वल, माझं तोंड, आणि हा म्हणतो पटणार नाही.

मग कळलं ते असं. पिक्चर होता पंधरा वर्षांच्या एका पोरीचा. ट्रकच्या अपघातात तिचं तोंड बिघडतं आणि पुढं तिचं काय होतं, ही गोष्ट. हिरोईन पुण्याची, वीसेक वर्षांची, दोन वेण्या घालून पंधराची केलेली. ती जीपमध्येच बसली होती. मी तिला बघायला गेले आणि खुदकन हसले. मेकअपमनकाकांनी डिंक आणि कापूस लावून तिच्या गालावर जे काय केलं होतं, ते पापड चिकटल्यासारखं दिसत होतं. तीही हसली, तर पापड निघाला.

दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी सुरू. शाळेला सुट्टीच होती. सकाळी शाळेच्या एका खोलीत स्टुलावर बसायचं, काका माझ्याकडं बघत हिरोईनच्या तोंडावर माझं तोंड उतरवून घ्यायचे. दुपारी त्यांच्यात जेवण आणि बर्फ घातलेलं सरबत. बर्फ! गावाला प्यायला पाणी नाही आणि मी बर्फ चावून राहिले होते. पहिल्या दिवशी माय सोबत आली, सरबत प्यायली आणि म्हणाली, "बस तू खुशाल."

दोन दिवस झकास काम चाललं. तिसऱ्या दिवशी कॅमेरावाला म्हणाला, "अहो, पण हिच्या खुणा उजवीकडं आहेत आणि आपल्या बाईच्या डावीकडं!" काका कपाळाला हात लावून बसले. ते हिरोईनच्या मागं उभे राहून आरशात बघत रंगवायचे आणि मी बसायचे त्यांच्या समोर. बाजू उलटीच पडली. दोन दिवसांचं शूटिंग झालेलं, म्हणजे बदलणंही शक्य नाही. सगळे एकमेकांवर ओरडत होते. मला मात्र दोन दिवस काहीच चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. मी माझं तोंड आरशाशिवाय कधी बघितलं होतं? आरशात ज्या बाजूला दिसतं, बरोबर त्याच बाजूला हिच्या तोंडावर होतं. मला तर ती पक्की मी वाटत होती. हे मी सांगितलं, तर डायरेक्टर ओरडायचा थांबला आणि म्हणाला, "असू दे मग डावीकडंच."

हिरोईन गुणी होती. मेकअप झाला की माझ्याजवळ येऊन बसायची आणि विचारायची, "चहा कसा पितेस? रडतेस कशी?" मी तिला शिकवलं. कप डाव्या कोपऱ्याला लावायचा, नाहीतर अर्धा चहा पोलक्यावर. तिच्या बाबतीत उजव्या. रडताना ओढलेल्या डोळ्याचं पाणी गालावरून न येता कानाकडं जातं, म्हणून झोपून रडायचं नाही, कानात जातं. आणि कुणी टक लावून बघायला लागलं की मनात पाचपर्यंत मोजायचं. पाचाच्या आत त्यानं नजर काढली तर ठीक. नाही काढली तर आपणच विचारायचं, "गाव कोणतं तुमचं?" माणूस असा गडबडतो की स्वतःचं गाव चुकीचं सांगतो. हिरोईननं ते लगेच कॅमेरावाल्यावर करून बघितलं. तो म्हणाला, "आं? सोलापूर... नाही, सांगली!" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तिचा गाल दुसऱ्यांदा चिकटवावा लागला आणि काकांनी आम्हा दोघींना वेगवेगळ्या भिंतींकडं तोंड करून बसवलं. असे दिवस मी जन्मात बघितले नव्हते. ज्या तोंडाला लोक वळसा घालून जायचे, त्याच्यासमोर चार शहाणी माणसं रोज सकाळी चष्मे पुसून बसत होती. मी हवेत होते.

पाचव्या दिवशी मी तिला सहज विचारलं, "शेवटी काय व्हतं हिचं?"

"विहिरीत जीव देते."

"कामून?"

तिनं गालावरच्या माझ्या तीन ओळींकडं बोट दाखवलं. "याच्यामुळं."

म्हणजे पाणी असलेली विहीर एवढ्यासाठी हवी होती! मी तडक डायरेक्टरसमोर जाऊन उभी राहिले. "ती जीव न्हाई देत."

"कोण?"

"ती. म्या न्हाई देत, तर ती कामून देती?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "अगं, शोकांतिका आहे ही. लोकांना रडू आलं पाहिजे." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून कामाला गेला.

मी शाळेच्या पायरीवर बसले आणि खरंच घाबरले. पिक्चर लातूरच्या टॉकीजला लागणार. सगळं गाव बघणार. आणि बाहेर आल्यावर सगळे माझ्याकडं बघणार. आतापर्यंत बघायचे ते बघायचे. आता त्यांच्या डोळ्यांत प्रश्न असणार, की ही अजून जिवंत कशी? तसल्या नजरेला पाचपर्यंत मोजून भागत नाही. माझ्याच तोंडाची पोरगी माझ्यासमोर मरणार होती आणि तिला तोंड मी दिलं होतं, स्टुलावर बसून, सरबत पिऊन.

मी उठले आणि अक्काकडं गेले. त्या एका पाण्याच्या विहिरीची मालकीण म्हणजे अक्का. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, आवाज शिवाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. चांगल्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या बायांना त्या विहिरीच्या काठाला हात लावू देत नसत. त्या साली अक्कानं स्वतः दोर सोडून सगळ्यांना सांगितलं होतं, भरा. डायरेक्टरनं तिला सांगितलं होतं, विहिरीवर गाणं घ्यायचंय. मी जाऊन खरं ते सांगितलं. "अक्का, त्ये तुमच्या हिरीत पोरगी बुडवून राहिलेत."

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन सगळे विहिरीवर पोचले, तर काठाला गोल करून चाळीस बाया बसलेल्या. मधोमध अक्का.

"अहो अक्का, खरंच कुणी बुडणार नाही!" डायरेक्टर हात जोडून म्हणाला. "ती फक्त काठावर येईल. मग आम्ही दगड टाकू. नुसता आवाज."

"आवाज कशाचा?"

"म्हणजे... तिच्या उडीचा."

"मग दिलाच की जीव!" अक्का गरजली. "हिरीत जीव दिला की हीर उपसावी लागती. सगळं पाणी काढून टाकावं लागतंय, त्याबिगर घोट कुणी पित न्हाई. उपसता? उपसा! अन् मग तीन वस्त्यांला पाणी तुम्ही पाजा, पाऊस पडस्तोवर!"

"पण ते खोटं आहे हो!"

"खोटं हाय तर खोट्या हिरीत करा."

डायरेक्टरनं बाबांकडं बघितलं. बाबा त्याच्या शेजारी उभे होते. मला वाटलं, आता ते साहेबाची बाजू घेतील, कारण कोटपँट बघितली की त्यांची मान आपोआप खाली जायची. पण ते गंभीर तोंड करून म्हणाले, "प्रथा हाय साहेब. नाइलाज हाय." माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मी बायांच्या मागं लपून बसले होते.

मग जी वणवण सुरू झाली ती काय सांगू! शिवाराशिवाराची भांडणं टाळायला डायरेक्टरनं बाबांना रजा काढायला लावून सोबत घेतलं. तोंडाचा नमुना म्हणून मी होतेच. जीव द्यायला पाणी शोधत आमची जीप सगळा तालुका फिरली. एका विहिरीत बेडकं तेवढी होती. एकीत पाणी म्हणून पिक्चरवाल्यांचा मॅनेजर दोर धरून उतरला, तो कमरेएवढ्या चिखलात रुतला आणि त्याला बैल लावून वर काढावा लागला. त्याचा एक बूट अजून तिथंच असेल. पुढच्या गावात तर नुसतं विचारल्याबरोबर एक म्हातारा काठी घेऊन जीपमागं धावला, "आमाला प्यायला न्हाई, अन् ह्यांला बुडायला पायजे!" हिरोईन मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून हसत होती. हसायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण अजून एखादी विहीर सापडली तर? पण मॅनेजर एकाच बुटावर लंगडत चहाच्या टपरीवर गेला आणि मलाही राहवेना.

शेवटी डायरेक्टर म्हणाला, "नदी! नांदेडला गोदावरी आहे की!" हिरोईनची गाडी त्याच संध्याकाळी नांदेडहून होती आणि कॅमेऱ्यात शेवटचं रीळ उरलं होतं. आता नदी, नाहीतर काही नाही. गोदावरी मी लहानपणी बघितली होती, दोन्ही काठ भरून चाललेली. आता संपलं, असं मला वाटलं.

घाटावर पोचलो आणि बघतो तर काय! ही एवढी वाळू, मधून पाण्याचा एक पट्टा, पट्ट्यात म्हशी. काठाला धोबी कपडे आपटत होते. डायरेक्टरनं एकाला विचारलं, "मधे खोल असेल ना?"

"हाव. गुडघ्याएवढं."

पण डायरेक्टरनं हार मानली नाही. कॅमेरा वाळूत अगदी खाली ठेवला, म्हणजे पाणी जास्त वाटेल. हिरोईनला सांगितलं, "हळूहळू चालत जा. मागं बघू नकोस. मधे गेलीस की खाली बस, डोक्यावरून पाणी जाऊ दे." कॅमेरा सुरू झाला.

ती निघाली. दोन वेण्या, डाव्या गालावर माझ्या तीन ओळी, चेहरा असा दुःखी की ती खरंच चालली असं वाटावं. घोट्याएवढं पाणी. पोटरीएवढं. मधे गेल्यावर ती खाली बसली. पाणी कमरेला. तशीच बसून राहिली, मग उठली, चार पावलं पुढं जाऊन परत बसली. तिथं तर पाणी त्याहून कमी. पुन्हा उठली. एक म्हैस वळून तिच्याकडं बघायला लागली. धोब्यांनी कपडे आपटणं थांबवलं. मागं बघायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून ती बिचारी चालत राहिली, चालत राहिली, आणि पार पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिली.

"बाई!" एक धोबी ओरडला. "जीव द्यायचा असंल तर जुलैत या!"

सगळा घाट हसत सुटला. धोबी हसले, काका हसले, मॅनेजर वाळूत बसून हसला. बाबासुद्धा! पलीकडं हिरोईन परकर पिळता पिळता आमच्याकडं वळली आणि हसायला लागली. डिंक सुकलेला, त्यामुळं एकाच बाजूनं, ओठ वर ओढून, अगदी मी हसते तशी. कॅमेरावाला इतका हसत होता की बटण बंद करायचंच विसरला. फर्र करून रीळ संपलं.

मग हळूहळू हसू ओसरलं. डायरेक्टर टोपी काढून घाटाच्या पायरीवर बसला होता. नदीकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "आता काय करू मी हिचं?"

"काय करायचं?" मी म्हणाले. "पल्याड गेली ना ती? आता घरला जाईल. जेवंल. दहावीला बसंल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मोजत होते. पाच झाले, सहा झाले, तरी त्यानं नजर काढली नाही आणि गाव कोणतं असं विचारायचं मला सुचलं नाही. तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "पोरगी बरोबर म्हणून राहिली, साहेब." आयुष्यात पहिल्यांदा बाबा कुठल्या साहेबासमोर उघडपणे माझ्या बाजूनं बोलले होते. डायरेक्टर उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "बघू."

बघू! या एका शब्दावर आम्ही वर्षभर बसलो. पुण्याकडं विहिरींना काय तोटा? तिकडं पाणी होतं. हिरोईनही तिकडचीच. मला रात्रंदिवस वाटायचं, नेऊन टाकलं असेल तिला कुठल्या तरी चांगल्या भरलेल्या विहिरीत.

पुढच्या उन्हाळ्यात पिक्चर लातूरला लागला. गाव ट्रॅक्टर भरभरून गेलं. मी जात नव्हते, मायनं ओढून नेलं. टॉकीजमध्ये मी मधे, एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला बाबा. आमच्या पुढच्या रांगेत अक्का. पडद्यावर आमची चावडी दिसली आणि शिट्ट्यांनी छत उडालं. अक्का उठून उभी राहिली, "ती बघा माजी म्हैस!" माझं तोंड दरवाजाएवढं मोठं झालेलं, तीन ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक ओरडून मला सांगत होते, अगं तू! अगं तू! मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मग तो शेवट आला. पोरगी घरातून निघाली. वाळू दिसली, पाणी दिसलं. बाजा थांबला. मागं कुणी तरी बाई हुंदके देऊन म्हणाली, "नको गं माय, फिर माघारी." पुढं काय चिकटवलंय, मला माहीत नव्हतं. विहीर येईल, दगडाचा आवाज येईल. मी डोळे मिटणार, तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. असं घट्ट की मी कळवळले. पडद्यावर ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली. पोटरीएवढ्या. मी बाबांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत होते, ओठ दाबून, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नांदेडला ते माझ्या शेजारी उभे होते. पाणी गुडघाभर आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, त्यावर हसले होते. तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. टॉकीजमध्ये कुणी तरी फिस्सकन हसलं, मग दहा जण, मग सगळे. ती पलीकडच्या काठावर पोचली, वळली, परकर पिळत एका बाजूनं हसली आणि पडद्यावर तसंच हसत थांबली. लोकांनी टोप्या उडवल्या. अक्का रडत होती आणि शिव्याही देत होती. दिवे लागले, गर्दी दाराकडं निघाली, पुढचे मागचे वळून वळून माझ्याकडं बघायला लागले. बाबा तसेच बसून होते, माझं मनगट धरून.

माय वाकून त्यांना म्हणाली, "अवो, सोडा की आता. पोचली ती काठाला."